ऑटिझम असलेल्या मुलांना ‘अनोळखी माणूस’ कसा शिकवायचा

‘अनोळखी माणसाशी बोलायचं नाही’ हे मी पोराला वर्षभर घोकून घेतलं. मग एक दिवस आमच्या सोलापुरात सात रस्ता चौकात एकाने विचारलं बाळा नाव काय तुझं, तर याने नाव सांगितलं, शाळा सांगितली, घर पण सांगितलं आणि मला म्हणतो "आता ओळखीचे झाले." चूक त्याची नाही ओ, शब्दच कुचकामी आहे, ही मुलं शब्दशः अर्थ घेतात.

आधी ‘काका’ बंद करा. आपल्याकडे रिक्षावाला काका, दूधवाला काका आणि सख्खा काका पण काकाच, मग पोराने फरक करायचा कसा? सख्ख्यांना नाव लावून काका म्हणा, बाकी सगळे रिक्षावाले, दूधवाले. लोकांना उद्धट वाटतं, वाटू दे.

फरशीवर खडूने तीन गोल काढा. आतल्यात घरच्यांचे फोटो, मिठी चालते. मधल्यात टीचर, शेजारी, फक्त टाळी. बाहेरच्यात दुकानदार, कंडक्टर, पैसे द्यायचे सामान घ्यायचं बास. पाच-सहा गोल नकोत, गोंधळ होतो.

माणूस नाही, वाक्य ओळखायला शिकवा. ‘चल माझ्याबरोबर’, ‘हे घे’, ‘गाडीत बस’, ‘आईला सांगू नको’. ही चार वाक्यं आईबाबा सोडून कोणीही म्हणू दे, ओळखीचा असला तरी, कारण मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच निघतो. उत्तर एकच: "नको", दोन पावलं मागे, पळत आईकडे. बोलत नसेल तर हात पुढे करून थांब, किंवा गळ्यातलं लाल कार्ड दाखवायचं.

मग बाहेर ट्रायल घ्या, खरं काम इथंच आहे. पोराने न बघितलेला पण तुमच्या भरवशाचा माणूस घ्या आणि पोराचा वीक पॉइंट वापरा. आमच्याकडे मैत्रिणीचा भाऊ बागेत येऊन म्हणाला "रेल्वेचा व्हिडिओ आहे, चल दाखवतो", पोरगं मागं न बघता निघालं, मी झाडामागं उभी, पोटात गोळा. रागावायचं नाही. तिथंच थांबवून तीच अॅक्शन लगेच परत करून घ्यायची, जमली की शाबासकी. घरात जमलं म्हणजे बागेत जमेल असं नसतं, म्हणून जागा बदला, माणूस बदला, बाई पण पाठवा, आणि महिन्याने न सांगता परत घ्या.

हरवला तर कुणाकडे जायचं तेही शिकवा. ‘खाकीवाल्याला सांग’ म्हणू नका, एसटीचा कंडक्टर खाकीत, रिक्षावाला पण खाकीत. त्यापेक्षा स्टॉलच्या आत उभी असलेली बाई, तिच्या हातात नंबरचं कार्ड द्यायचं. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, होम मैदानावर जाताना मनगटावर पेनने फोन नंबर लिहा आणि त्याच दिवशीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. दिसेना झाला तर पहिलं तळ्याकडे पळा, यातल्या बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते, आणि पळता पळताच ११२ लावा. मुलांची हेल्पलाइन १०९८, चोवीस तास.

परवा आत्या पेढा घेऊन आली, म्हणाली हे घे. हा "नको" म्हणून दोन पावलं मागं, थेट माझ्या पायावर. आत्या रुसली. आता "हे घे" आलं की आधी आईकडे बघायचं असं शिकवतेय, पेढा तेव्हा मीच खाल्ला.