मोसमापूर्वी वेज तपासताना

परतीचा पाऊस थांबला की पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, टणक होऊ लागतात आणि जुनी वेज, म्हणजे जवळून बॉल उंच उडवून ग्रीनवर टाकायचा क्लब (काठी), तिथेच उघडी पडते. पावसाळ्यात कसाही मारलेला बॉल पडल्या जागी रुततो. नोव्हेंबरात तोच बॉल टप्पा घेऊन ग्रीनच्या पार मागे घरंगळतो. म्हणून वेजची तपासणी मी दिवाळीआधीच उरकून घेतो.

आधी तिन्ही वेज धुऊन घ्या. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि जुना टूथब्रश पुरतो. फेसवरच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूवरच्या, आडव्या खाचांत घट्ट बसलेली माती लाकडी टीच्या (बॉल टेकवायच्या खुंटीच्या) टोकाने काढा. बऱ्याचदा वेज झिजलेली नसते, नुसती बुजलेली असते.

मग खिडकीपाशी उजेडात बसून अंगठ्याचं नख फेसवर वरून खाली, खाचांना आडवं, अलगद ओढा. सुरुवात टोच्या, म्हणजे फेसच्या बाहेरच्या टोकाच्या, बाजूने करा. तिथे बॉल सहसा लागत नाही, त्यामुळे नख प्रत्येक खाचेला अडतं. आता मधोमध, खालच्या खाचांवरून ओढा. न अडता सुळकन गेलं, तर काठ गेले असं समजा. माझ्या ५६ डिग्रीच्या सँड वेजवर रुपयाच्या नाण्याएवढा गुळगुळीत डाग पडला होता, क्रोम उडून आतलं पोलाद दिसत होतं. तरी मी दोन महिने मनगटांनाच दोष देत राहिलो. शेवटी कॅडी म्हणाला, "साहेब, मारताय बरोबर, जरा फेस बघा ना."

नियमांप्रमाणे खाच जास्तीत जास्त ०.०२० इंच, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल असते. टायरच्या नक्षीसारखं तिचं काम: फेस आणि बॉलमध्ये सापडलेलं पाणी आणि गवताचा रस बाजूला सारायचा. बंकरमधली (कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यातली) वाळू हे काठ पॉलिश पेपरासारखे घासते, म्हणून सँड वेज सगळ्यात आधी जाते आणि पिचिंग वेज कितीतरी जास्त टिकते. तिन्ही एकदम बदलायचा खर्च त्यामुळे सहसा लागत नाही. ७५ राउंड (पूर्ण खेळ) झाले की वेज बदलावी, असा हिशेब बरेच जण सांगतात, पण रेंजवरचे (सरावाच्या मैदानावरचे) आणि सरावाच्या बंकरमधले फटके त्यात धरलेले नसतात. आठवड्यातून दोनदा बंकरमध्ये तास तास घालवणाऱ्याने तेवढी वाट पाहू नये.

नखावर समाधान झालं नाही, तर चाळीस यार्डांवरून परीक्षा घ्या. मित्राची त्याच लॉफ्टची, म्हणजे फेसच्या तेवढ्याच तिरप्या कोनाची, नवी वेज मागून आणा. बॉल एकाच जातीचे असू द्या, रेंजचे नकोत. दोन्हींनी दहा-दहा मारा, शक्य तर पहाटे दवात, कारण कोरड्या गवतावर जुनी वेजही बऱ्यापैकी निभावून नेते. पडल्या जागेपासून थांबल्या जागेपर्यंतची पावलं मोजा. जुनीचा बॉल जास्त वर उठून, पडल्यावर दर वेळी चार-पाच पावलं पुढे पळत असेल, तर नवी घ्यायलाच हवी. फरक एखाद्या पावलाचा निघाला, तर यंदा फक्त ग्रिप बदला. घामाने गुळगुळीत झालेली ग्रिपही पुष्कळ फटके बिघडवते.

खाचा कोरून धार लावायचं हत्यार मिळतं, त्याच्या नादी लागू नका. वापराने झिजलेली वेज नियमात बसते, पण कोरताना खाच मर्यादेपेक्षा रुंद झाली किंवा काठ फार धारदार झाले, तर क्लब बाद होतो.

दुकानात जाताना जुनी वेज सोबत न्या आणि तिच्यावरचे लॉफ्ट आणि बाउन्सचे (तळाच्या कोनाचे) आकडे दाखवा. नवी थेट स्पर्धेत काढू नका. बॉल लवकर थांबायला लागतो, त्यामुळे तो कुठे टाकायचा याचा अंदाज दोन-तीन राउंड तरी नव्याने बांधावा लागतो. जुनी बंकरच्या सरावाला ठेवा, म्हणजे नवीचे काठ जास्त दिवस टिकतील.