समुद्राचं पाणी शिकायला घेताना

शाळेच्या भूगोलात एक वाक्य पाठ केलेलं असतं: सागरजलाची सरासरी क्षारता दर हजारी ३५. म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. सागरी रसायनशास्त्राकडे वळले तेव्हा माझी शिदोरी एवढीच होती. हा आकडा पाणी आटवून, उरलेलं मीठ तोलून काढत असतील अशी माझी समजूत होती. नव्याने येणाऱ्या बहुतेकांची असते.

ती जायला हवी असेल तर एकदा खरंच आटवून बघा. पांढरा थर तळाशी धरतो, पण तो पुरता कोरडा होत नाही, कारण मॅग्नेशियम क्लोराइड पाणी सोडत नाही. ते घालवायला आच वाढवली की त्याच्यातून हायड्रोजन क्लोराइड निसटतो आणि बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइडही उडून जातो. कमी तापवलं तर वजन जास्त, जास्त तापवलं तर कमी. त्याच पाण्याचे दोनदा दोन आकडे येतात.

यातून सोडवलं ते समुद्राच्याच एका गुणाने. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केलं. त्यातल्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी केलं आणि १८८४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. क्षार कुठे कमी, कुठे जास्त. पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळजवळ सगळीकडे तेच. एकूण क्षारांत क्लोराइड सुमारे ५५ टक्के, सोडियम सुमारे ३०. मग सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम. या सहांतच ९९ टक्क्यांहून जास्त भाग संपतो. असं का, तर सोडियम किंवा क्लोराइड समुद्रात आलं की कोट्यवधी वर्षं मुक्काम करतं, आणि सगळे महासागर एकमेकांत मिसळायला हजारेक वर्षं पुरतात. ढवळायला भरपूर वेळ मिळतो. या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

ऑक्सिजन, नायट्रेट, फॉस्फेट यांना मात्र हा नियम लावू नका. जीव ते वापरतात आणि परत सोडतात, त्यामुळे खोलीनुसार त्यांचं प्रमाण पार बदलतं.

प्रमाण ठरलेलं असल्यामुळे एक घटक मोजला की बाकीचे कळतात. म्हणून कित्येक दशकं क्लोराइड मोजायला सिल्व्हर नायट्रेटचं अनुमापन, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजणं, चाललं. आज पाण्याच्या विद्युत वाहकतेवरून काही सेकंदांत क्षारता मिळते, तरी ते अनुमापन एकदा हाताने कराच. पोटॅशियम क्रोमेटमुळे पिवळं दिसणारं पाणी, त्यात दह्यासारखा पांढरा साका. थेंब पडेल तिथे विटकरी ठिपका उठतो आणि ढवळला की विरतो. ज्या थेंबाला तो विरत नाही, तिथे थांबायचं. अशा मोजलेल्या क्लोराइडच्या प्रमाणाला, म्हणजे क्लोरिनिटीला, १.८०६५५ ने गुणलं की क्षारता आली. १९७८ पासूनची व्यावहारिक क्षारता वाहकतेच्या गुणोत्तरावर बेतलेली आहे, म्हणून तिला एकक नाही. नुसतं ३५ लिहायचं.

शब्दांचाही एक घोळ आधीच मिटवून टाका. आपण मराठीत खारेपणाला क्षारता म्हणतो, पण हिंदी पुस्तकात तोच शब्द अल्कतेसाठी, म्हणजे पाण्याच्या आम्ल शोषून घेण्याच्या क्षमतेसाठी, येतो. या दोन वेगळ्या राशी आहेत. समुद्राचा सामू ८.१ च्या आसपास राहतो तो अल्कतेमुळे, मिठामुळे नव्हे.

गोड्या पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक, हेही समुद्राला लावू नका. क्षारता २४.७ च्या वर गेली की पाणी गोठेपर्यंत जडच होत जातं, आणि ३५ क्षारतेचं पाणी गोठतं उणे १.९ अंशांना. थंड झालेलं पृष्ठजल बुडत राहतं आणि खोल समुद्रात ऑक्सिजन पोचतो, तो याच्याच जोरावर.

आता बाटल्यांविषयी, कारण चुका तिथेच होतात. नमुना वर आला की आधी ऑक्सिजनची बाटली भरायची: नळी तळापर्यंत, बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहू द्यायचं, एक बुडबुडाही नको. क्षारतेची सर्वांत शेवटी: त्याच पाण्याने तीनदा विसळायची, खांद्यापर्यंत भरायची, वर थोडी हवा ठेवायची.

माझ्या पहिल्या सफरीत तीन हजार मीटरवरचे नमुने मी भरले. काही महिन्यांनी मोजले तर क्षारता शेजारच्या खोलींपेक्षा ०.०२ ने जास्त. इतक्या खोलवर सगळा फरक दुसऱ्या-तिसऱ्या दशांशस्थळावर असतो, त्यामुळे ०.०२ म्हणजे फार मोठी गोष्ट. दोन दिवस मी नवी जलराशी, म्हणजे वेगळ्या गुणांचा पाण्याचा थर, सापडल्याच्या कल्पनेत होते. मग एका बाटलीच्या आट्यांवर बोट फिरवलं आणि खरखरीत मिठाचे कण लागले. भरताना मी तोंड पुसलं नव्हतं, आतलं बूचही नीट बसलं नव्हतं. पाणी हळूहळू उडत राहिलं होतं. ते सगळे आकडे वहीत खोडावे लागले. तेव्हापासून प्रत्येक बाटलीचं तोंड कोरड्या कागदाने पुसते, बूच अंगठ्याने दाबते, आणि एका खोलीचे दोन नमुने घेऊन ते वेगवेगळ्या खोक्यांत ठेवते.