चाळिशीनंतरचे वजन: ताटातील भाजी कशी वाढवावी

चाळिशी ओलांडली की स्नायूंचे प्रमाण हळूहळू घटते आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी झाल्याने चरबी पोटाभोवती साठू लागते. म्हणूनच ‘खाणे तेवढेच, तरी कंबर वाढते’ ही तक्रार अनेकींकडून ऐकू येते. फळे-भाज्यांचा येथे उपयोग होतो, मात्र त्यांनी पोळी, भात आणि तेल यांची जागा घेतली तरच. नेहमीचे सगळे जेवण जेवून वर वाटीभर कोशिंबीर खाल्ल्याने वजन उतरत नाही.

सर्वप्रथम घरात भाजी किती येते, ते पाहावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. चौघांच्या घरी सकाळी अर्धा किलो फ्लॉवर आणि रात्री पाव किलो मेथी केली, तर निवडण्यापूर्वीच माणशी दोनशे ग्रॅमही भरत नाहीत. बटाटा या हिशेबात धरू नये.

भाजी वाढवली की तेलही त्याच प्रमाणात वाढते, आणि खरी मेख येथेच आहे. पळीने अंदाजे तेल न ओतता ते चमच्याने मोजून घालावे. १५ मिलीचे तीन चमचे तेल म्हणजे सुमारे ३७० कॅलरी. चौघांत वाटले तरी प्रत्येकीच्या वाट्याला जवळजवळ एका पोळीइतक्या कॅलरी निव्वळ फोडणीतून येतात. दुधी, पडवळ, दोडका या पाणीदार भाज्या एका चमच्याच्या फोडणीत झाकण ठेवून, झाकणावर पाणी घालून, स्वतःच्याच रसात उत्तम शिजतात. शेंगदाण्याचे कूटही मुठीने न घालता चमच्यानेच घालावे.

वाढताना अर्धे ताट भाजी आणि कोशिंबिरीने भरावे, जेवणाची सुरुवात त्यांनीच करावी आणि नेहमीपेक्षा एक पोळी कमी घ्यावी. डाळ, उसळ, ताक मात्र कमी करू नये, कारण स्नायू टिकवायला प्रथिने लागतात. फळ रस न काढता चावून खावे: एक पेरू किंवा पपईच्या काही फोडी पुरेत, आणि त्याही जेवणावर नव्हे, चारच्या चहासोबतच्या बिस्किटांऐवजी. मुलांच्या ताटातले उरलेले ‘वाया जाऊ नये’ म्हणून संपवण्याची सवयही सोडावी. तो हिशेब कोणीच ठेवत नाही.

मधुमेह असल्यास फळांचे प्रमाण, मूत्रपिंडाचा विकार असल्यास भाज्यांची निवड आणि वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास पालेभाज्यांत करायचा बदल आधी डॉक्टरांना विचारून ठरवावा.

दर पंधरा दिवसांनी सकाळी, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप लावून घेर मोजावा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंमी ही मर्यादा मानतात. दोन महिन्यांत फरक दिसला नाही, तर भाजी आणखी वाढवण्याआधी महिन्याला तेल किती लागते, ते तपासावे.