काढा पिताय? मग लिव्हरकडे पण जरा बघा

कोरोनात घरोघरी गुळवेल उकळत होती, आमच्याकडेही, आई सकाळी ग्लासभर हातात द्यायची आणि तोंड वाकडं करून प्यायचो. त्याच काळात, 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, मुंबईत लिव्हर बिघडलेले 6 पेशंट आले आणि सगळ्यांच्यात कॉमन निघाली ती गुळवेल. 2022 मध्ये वेगवेगळ्या शहरांतल्या डॉक्टरांनी मिळून अशा 43 केसेस मांडल्या. आयुष मंत्रालय म्हणतं गुळवेल सेफ आहे, लोक तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घेतात. तो वाद त्यांचा, आपण घरात काय करायचं ते बघू.

आधी वेल नक्की कुठली ते बघा. कडुनिंबावरची गुळवेल बेस्ट म्हणून शेजारचे काका तोडून देतात, पण पान दोन्ही वेलींचं बदामासारखंच, त्या दुसरीच्या खोडावर मात्र गाठी चांगल्या उठून दिसतात. शंका आली तर सरळ फेकून द्या. आणि काढ्यात दहा गोष्टी एकदम टाकू नका हो, एका वेळी एकच, सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, कारण त्या 43 जणांत त्रास साधारण दीड महिन्याने दिसला, तोवर आपण काय पीत होतो ते कोणाला आठवतंय. थायरॉईडचा ऑटोइम्यून प्रकार (शरीर स्वतःवरच हल्ला करतं तो) किंवा आधीच लिव्हरचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

"उकळलं की विष जातं" हे डोक्यातून काढा. उदाहरण घ्या खुळखुळा नावाच्या रानटी झाडाचं, त्याच्या बियांत जे अल्कलॉइड (झाडातली कडक रसायनं) असतात ते उकळून, वाळवून जात नाहीत, लिव्हर त्यांना पचवायला जातं आणि तिथेच त्यांचं विष बनतं, मग लिव्हरमधल्या बारीक शिरा बुजतात आणि पोटात पाणी भरतं. 1975 च्या सुमारास आताच्या छत्तीसगडमधल्या सरगुजात गोंदली नावाच्या बारीक धान्यात या बिया मिसळल्या गेल्या, 67 जण आजारी पडले, 28 गेले. म्हणून शेतावरचं, आठवडी बाजारातलं बारीक धान्य ताटात पसरून निवडा, वेगळी बी दिसली की बाजूला काढा. कंटाळा येतो, माहितीये. परदेशात असाल तर कॉम्फ्रे नावाच्या झाडाचा चहा पिऊ नका, त्यातही हेच अल्कलॉइड असतात, अमेरिकेत 2001 मध्येच एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, कॉम्फ्रे सप्लिमेंटमधून काढायला सांगितलं होतं.

लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, भूक मेलेली, अंगाला खाज किंवा पोट फुगलेलं, यातलं काहीही दिसलं की काढा त्याच दिवशी बंद, आणि एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून घ्या. त्यातलं एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की वाढणारं एन्झाइम) वाढलेलं असेल तर "हे काय आयुर्वेदिकच आहे" म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका, उरलेली वेल नाहीतर पावडरचा डबा पिशवीत घालून सोबत न्या. आणि बरं वाटलं म्हणून परत सुरू करू नका, दुसऱ्यांदा जास्त जोरात बसू शकतं.