माजी सैनिकाच्या घरात कॉलेजची फी कशी भरायची? सैनिक बोर्डापासून बँकेपर्यंत

"फौजेतल्या माणसाच्या पोरांना काय, सगळंच फुकट!" हे वाक्य गावात पेन्शनवर आलेल्या प्रत्येक हवालदाराने ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात पूर्ण फी माफ होते ती फार थोड्यांची. बाकीच्यांना तुकड्यातुकड्यांनी मदत मिळते आणि प्रत्येक तुकड्याचा अर्ज वेगळा, कार्यालय वेगळं, तारीख वेगळी. जवान चाळिशीच्या आसपास घरी येतो तेव्हा मुलं नेमकी दहावी-बारावीत असतात. म्हणून हे काम बारावीच्या निकालानंतर नाही, त्याच्या वर्षभर आधी सुरू करायचं असतं.

पहिली पायरी: आपण नेमके कोण ते ठरवा

सैनिकांसाठीची योजना म्हटली की ती सगळ्या सैनिकांसाठी असेल असं वाटतं, आणि तिथेच बरेच अर्ज बाद होतात. सेवेत असलेला जवान, पेन्शनवर आलेला माजी सैनिक, युद्धात किंवा कारवाईत शहीद झालेल्या अथवा कायमचं अपंगत्व आलेल्या सैनिकाचं कुटुंब, आणि अग्निवीर, हे चार वेगळे गट आहेत. एका गटाची योजना दुसऱ्याला लागू होईलच असं नाही. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात. त्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे, पण तिचा अर्ज सैनिक बोर्डात चालत नाही. चुलत्याच्या मुलाला मिळाली म्हणून आपल्याला मिळेल असं धरून चालू नका. चुलता सैन्यात होता की बीएसएफमध्ये, ते आधी पाहा.

दुसरी पायरी: कागद, आणि त्यांवरची नावं

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. माजी सैनिकाची नोंदणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात झालेली हवी, म्हणजे ज्याला आपण सैनिक बोर्ड म्हणतो तिथे. अनेक जण पेन्शन बँकेत सुरू झाली की विषय संपला असं समजतात आणि ओळखपत्रही काढत नाहीत. आधी ते काढा. पुढचा जवळपास प्रत्येक अर्ज याच कार्यालयातून पडताळून पुढे जातो.

मग डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचं पुस्तक), पीपीओ (पेन्शनचा आदेश), मुलाची दहावी-बारावीची मार्कशीट, आधार आणि बँकेचं पासबुक एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नावं जुळवा. बाप सुट्टीवरून परत गेल्यावर युनिटच्या क्लार्कला मुलीचं नाव सांगतो ‘पिंकी’, कारण तेव्हा घरात तेच चाललेलं असतं. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे कुटुंबाची नोंद करणारा लष्करी आदेश, ‘पिंकी’ नावाने निघते. शाळेत तीच मुलगी ‘प्रणाली’ होते. अठरा वर्षांनी शिष्यवृत्तीच्या अर्जात पिंकी आणि प्रणाली एकच, हे सिद्ध करायची वेळ येते. जन्मतारखेतला फरकही असाच निघतो. बायकोच्या नावात माहेरचं आडनाव राहून गेलेलं असतं, ते वेगळंच.

ही दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे आपल्या रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांचं काम बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज सैनिक बोर्डामार्फत पाठवा आणि पोच जपून ठेवा. टपाल जाऊन-येऊन महिने जातात. सेवेत असतानाच हे उरकलं तर युनिटमध्येच काम होतं, म्हणून अजून नोकरीत असलेल्यांनी पुढच्या सुट्टीची वाट न पाहता आपली नोंद एकदा वाचून घ्यावी.

तिसरी पायरी: सीट आणि फी यांत गल्लत करू नका

महाराष्ट्रात सीईटीनंतरच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांमध्ये सैनिकांच्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात. अभियांत्रिकीत त्यांचे तीन प्रकार आहेत: महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या माजी सैनिकांची मुलं, महाराष्ट्राच्याच पण सेवेत असलेल्या सैनिकांची मुलं, आणि अधिवास इथला नसलेल्या पण बदलीमुळे महाराष्ट्रात असलेल्या सैनिकांची मुलं. त्यासाठीचं प्रमाणपत्र माहितीपुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातच लागतं. साध्या लेटरहेडवरचा दाखला चालत नाही.

या आरक्षणाने जागा मिळते, फी कमी होत नाही. खासगी कॉलेजात या कोट्यातून आलेल्या मुलालाही तीच फी भरावी लागते. तसंच पुण्यात दिघीचं आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. १९९४ मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज थलसेनेतल्या लोकांच्या मुलांसाठीच आहे आणि प्रवेश जेईई मेनवर होतो. तिथे स्पर्धा मर्यादित असते, हा खरा फायदा. फी मात्र तिथेही आहे.

चौथी पायरी: पंतप्रधान शिष्यवृत्ती, पहिल्याच वर्षी

मोठी रक्कम देणारी मुख्य योजना हीच. राष्ट्रीय संरक्षण निधीतून येणारा हा पैसा केंद्रीय सैनिक बोर्ड वाटतं. मुलीला महिना ३,००० रुपये, मुलाला २,५०० रुपये, आणि जमा होतात वर्षाचे एकदम. म्हणजे चार वर्षांच्या बी.टेक.ला मुलीचे १,४४,००० आणि मुलाचे १,२०,००० रुपये. खासगी कॉलेजची फी यात भागत नाही, पण सरकारी कॉलेज असेल तर मोठा भार हलका होतो.

माजी सैनिकांची आणि तटरक्षक दलातून निवृत्त झालेल्यांची मुलं, तसंच त्यांच्या विधवा, यांना ती मिळते. सेवेत असलेल्या जवानाच्या मुलांना नाही. अभ्यासक्रम व्यावसायिक हवा: बी.ई., बी.टेक., एमबीबीएस, बी.फार्म., बी.एड., बीबीए, बीसीए, एमबीए, एमसीए अशी यादी आहे. साधं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. त्यात नाही. दूरशिक्षण किंवा परदेशातलं शिक्षणही नाही.

पात्रतेला किमान ६० टक्के गुण लागतात. हे गुण सीईटीचे नाहीत. बी.टेक.ला बारावीचे धरतात, डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्याचे डिप्लोमाचे, एमबीएला पदवीचे. सीईटीच्या नादात बारावी बोर्डाकडे काणाडोळा करणाऱ्या मुलांना हे अकरावीतच सांगायला हवं. देशभरात वर्षाला ५,५०० शिष्यवृत्त्या असतात, निम्म्या मुलींना. कारवाईत शहीद झालेल्यांची मुलं आधी, मग अपंगत्व आलेल्यांची, असा प्राधान्यक्रम असतो. अधिकारी पदाखालच्या सर्वसाधारण माजी सैनिकांची मुलं सहाव्या गटात येतात आणि खरी चुरस तिथे असते. त्यामुळे ६० टक्क्यांवर अर्ज करता येतो, पण निवडीची खात्री नसते.

अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन. आधी माजी सैनिकाच्या नावाने खातं काढायचं, मग मुलाचा अर्ज भरायचा. सोबत तीन छापील नमुने लागतात: सैनिक बोर्डाचं प्रमाणपत्र, कॉलेजच्या प्राचार्यांचं बोनाफाईड आणि बँकेचा दाखला. स्कॅन स्वच्छ करा. मोबाइलवर तिरका काढलेला, अंगठ्याची सावली पडलेला फोटो अर्ज परत यायला पुरेसा असतो. अर्ज जिल्ह्यातून पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडे आणि तिथून दिल्लीला जातो. त्रुटी निघाली तर खात्यावर दिसते, म्हणून आठवड्यातून एकदा उघडून पाहा.

अर्ज प्रवेशाच्या पहिल्याच वर्षी करावा लागतो. ते वर्ष हुकलं तर दुसऱ्या वर्षी नव्याने संधी नाही. आणि एकदा मिळाली म्हणजे आपोआप चालू राहते असंही नाही: दरवर्षी किमान ५० टक्के मिळवून नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो.

पाचवी पायरी: बी.ए., बी.एस्सी.वाल्यांसाठी

मुलगा फलटणच्या किंवा चिपळूणच्या कॉलेजात बी.एस्सी. करतोय, तर काय? त्याच्यासाठी संरक्षण मंत्री माजी सैनिक कल्याण निधीतलं शैक्षणिक अनुदान आहे. हवालदार किंवा त्याच्या बरोबरीच्या पदापर्यंतच्या माजी सैनिकाच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत ते मिळतं. विधवेला स्वतःला पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल तर त्या दोन वर्षांसाठीही. आधी महिना १,००० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २,००० झाले. म्हणजे वर्षाला २४,००० रुपये, आणि अनुदानित कॉलेजात बी.एस्सी.च्या फीला एवढे बहुतेक पुरतात. पास झाल्याची मार्कशीट जोडावी लागते. सुभेदारांच्या मुलांना मात्र हे नाही, आणि हा नियम मला तरी कडक वाटतो. सुभेदाराचं पेन्शन जास्त असलं तरी तीन मुलं शिकवणाऱ्या घरात ते पुरून उरत नाही.

सहावी पायरी: राज्याच्या योजना

इथे सैनिक म्हणून आणि नागरिक म्हणून, दोन्ही बाजूंनी पाहायचं. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, उच्च शिक्षण संचालनालयाची माजी सैनिकांच्या मुलांसाठी शैक्षणिक सवलत आहे. कला, वाणिज्य, विज्ञानच्या मुलांनी ती आधी पाहावी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश घेतला असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. आर्थिक दुर्बल घटक, मराठा आरक्षणाचा प्रवर्ग आणि ओबीसी यांतल्या मुलींना २०२४-२५ पासून याच उत्पन्न मर्यादेत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठीच्या योजना वेगळ्या आणि अधिक उदार आहेत. जातीचा दाखला असेल तर सैनिकी सवलतीच्या मागे लागण्याआधी त्या पाहा.

तहसीलदाराच्या उत्पन्न दाखल्यात पेन्शन धरतात. पेन्शनसोबत बँकेत किंवा एमआयडीसीत सुरक्षा रक्षकाची नोकरी असेल तर तो पगारही. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की यातलं काहीच उरत नाही, म्हणून एजंटाला पैसे देण्याआधी चार वर्षांचा हिशेब करा. एकाच फीवर दोन योजनांचा लाभ चालत नाही. प्राचार्य सही करतात त्या प्रमाणपत्रातली इतर शिष्यवृत्तीची ओळ वाचून, शंका असेल तर सैनिक बोर्डात विचारूनच सही घ्या.

राहण्याचा खर्च लोक विसरतात. बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी सैनिक कल्याण विभागाची मुलांची आणि मुलींची वसतिगृहं आहेत आणि खासगी खोलीपेक्षा ती खूप स्वस्त पडतात. जागा थोड्या असतात. निकाल लागला त्या आठवड्यात अर्ज द्या.

शहीद आणि अपंगत्व आलेल्या सैनिकांची मुलं

१९७१ च्या युद्धानंतर सुरू झालेली संरक्षण मंत्रालयाची सवलत इथे लागू होते: कारवाईत शहीद, बेपत्ता किंवा कायमचं अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांचं पहिल्या पदवीपर्यंतचं शिक्षण. शिक्षण शुल्क आणि वसतिगृहाच्या खर्चावर महिना १०,००० ची मर्यादा घातली गेली होती, ती मार्च २०१८ मध्ये उठवली. पुस्तकांसाठी वर्षाला २,००० रुपये वेगळे. प्रकरण रेकॉर्ड ऑफिसमार्फत चालतं. वीरपत्नीला एकटीने धावपळ करू देऊ नका. सैनिक बोर्डातले कल्याण संघटक हे काम जाणतात.

जवानाला स्वतःला शिकायचं असेल तर

पंधरा वर्षं सेवा झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला केंद्राच्या काही ‘क’ गटातल्या नोकऱ्यांसाठी पदवीधरासमान मानतात. पण त्या प्रमाणपत्रावर एम.ए. किंवा एलएल.बी.ला प्रवेश मिळेल अशी आशा ठेवू नका, कॉलेजला खरी पदवी लागते. सेवेच्या शेवटच्या काळात पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम करता येतात. जवान आणि जेसीओंची (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) फी सरकार भरतं, अधिकाऱ्यांची ६० टक्के. हे निवृत्तीनंतर आठवून उपयोग नाही.

अग्निवीरांचा हिशेब अगदी वेगळा. पगारातले ३० टक्के कापले जातात, तेवढेच सरकार घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये करमुक्त मिळतात. माजी सैनिकाचा दर्जा आणि पेन्शन मात्र नाही. त्यामुळे वरच्या बहुतेक योजना त्यांना लागू नाहीत, शिक्षणाचा पैसा म्हणजे हाच सेवा निधी. म्हणून पदवी सेवेतच सुरू करावी: इग्नूच्या खास अभ्यासक्रमात निम्मे क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. दहावीवर भरती झालेल्यांना एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी करता येते. निधी हातात आल्यावर गाडी घ्यायचा मोह प्रत्येक तालुक्यात दिसेल. दोन-तीन वर्षांच्या शिक्षणाचे पैसे आधी मुदत ठेवीत टाकलेले बरे.

शेवटी बँक

शिष्यवृत्ती जमा होते ती कॉलेजची फी भरून झाल्यावर, कधी कधी वर्ष संपताना. मधला काळ भागवायला कॉलेजकडे हप्ते मागा, लेखी मागा. तरी कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या नामांकित संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळतं. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतही आहे, पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती नाही. बाकी कॉलेजांसाठी पेन्शन ज्या शाखेत येते तिथेच आधी जा. पेन्शनवर वैयक्तिक कर्ज लगेच देतो असं मॅनेजर म्हणाला, तरी शैक्षणिक कर्जाचाच अर्ज मागा. त्यात शिक्षण संपेपर्यंत हप्ता सुरू होत नाही, आणि वैयक्तिक कर्जाचा हप्ता पुढच्याच महिन्यात पेन्शनमधून कापला जातो.