अ‍ॅप आहे, पण मेनूत दिसत नाही?
लिनक्सवर टार फाइल (अनेक फाइलींचं एकत्र गाठोडं) उलगडून ठेवलेला प्रोग्रॅम चालतो, पण मेनूत येत नाही. डेस्कटॉप ग्नोम असो की केडीई, मेनू भरतो तो ठरावीक फोल्डरांतल्या 'डॉट-डेस्कटॉप'ने नाव संपणाऱ्या साध्या मजकूर-फाइली वाचून. होममधल्या लपलेल्या 'डॉट-लोकल'मध्ये शेअर, त्यात अ‍ॅप्लिकेशन्स: अशी फाइल तिथे ठेवा. पहिली ओळ चौकटी कंसात 'डेस्कटॉप एन्ट्री', खाली टाइप (प्रकार), नेम (नाव), एक्झेक (चालवायची आज्ञा). एक्झेकपुढे अशा प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ (फोल्डरांसह पत्ता) हवा. होमसाठीचं नागमोडी चिन्ह इथे चालत नाही, आणि अनेकांचं घोडं तिथेच अडतं.

सिस्टिमसोबत आलेल्या प्रोग्रॅमची मेनूतली नोंद बदलायचीय? मूळ फाइलला हात लावू नका, अपडेटमध्ये बदल पुसले जातील. त्याच नावाची प्रत वरच्या होममधल्या फोल्डरात ठेवून ती बदला. मेनू हीच प्रत आधी मानतो. नको असलेलं अ‍ॅप लपवायला तिच्यात 'नोडिस्प्ले=ट्रू' पुरतं.