संधिवाताच्या वेदनाशामक गोळ्या सुरक्षितपणे कशा घ्याव्यात

"भाऊ, गुडघ्याची ती मागच्या वेळची गोळी द्या न." नागपुरात धंतोलीपासून नंदनवनपर्यंत कुठल्याही मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर ही मागणी ऐकू येते. दुकानदार पट्टीतून चार गोळ्या कापून देतो. कापताना नाव दुसऱ्या तुकड्यावर राहून जातं आणि घरात कुणालाच ठाऊक नसतं, की आई किंवा बाबा सकाळ-संध्याकाळ नेमकं काय घेताहेत. गोळ्यांचा त्रास बऱ्याचदा इथूनच सुरू होतो.

ही औषधं वाईट नाहीत. ज्याचा सांधा सुजून गरम झालाय, सकाळी ज्याची मूठ वळत नाही, त्याला ती उठून कामाला लावतात. पण कोणती गोळी, किती दिवस आणि कोणत्या दुसऱ्या औषधासोबत, याचा हिशेब कुणीतरी ठेवायलाच हवा. डॉक्टर थोडा वेळ भेटतात. रोजचा हिशेब घरातच ठेवावा लागतो.

१. आधी गोळी ओळखा

शक्यतो अख्खी पट्टी घ्या. सुट्या गोळ्या घेतल्याच, तर मूळ पट्टीवरचं नाव आणि घटक यांचा मोबाइलवर फोटो काढा. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात असतं, कामाची माहिती त्याखालच्या बारीक अक्षरात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब, इंडोमेथासिन, पायरॉक्सिकॅम, निमेसुलाइड, केटोरोलॅक यांपैकी कुठलंही नाव दिसलं की ती सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांच्या कुळातली समजा. पॅरासिटामॉल या कुळातलं नाही. ते दुखणं आणि ताप कमी करतं, सूज उतरवत नाही. जास्त झालं तर ते यकृताला मारक ठरतं.

नियम एकच आणि त्याला अपवाद नाही: या कुळातली एका वेळी एकच गोळी. दोन घेतल्याने आराम फारसा वाढत नाही, धोका मात्र नक्की वाढतो.

दुहेरी डोस कसा होतो ते पाहा. हाडांच्या डॉक्टरांनी ॲसिक्लोफेनॅक १०० मि.ग्रॅ. आणि पॅरासिटामॉल ३२५ मि.ग्रॅ. अशी जोडगोळी दिवसातून दोनदा दिलेली असते. मध्येच दाढ दुखते, दातांचे डॉक्टर आयबुप्रोफेन लिहून देतात, कारण आधीची गोळी त्यांना कुणी सांगितलेलीच नसते. झाल्या या कुळातल्या दोन गोळ्या. वर ताप आला आणि पॅरासिटामॉल ६५० दिवसातून चारदा घेतली, तर जोडगोळीतलं ६५० धरून दिवसाचं पॅरासिटामॉल ३,२५० मि.ग्रॅ. होतं. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४,००० धरतात. म्हातारं, अशक्त किंवा रोज दारू घेणारं माणूस असेल तर ती बरीच खाली येते.

जत्रेत, बसस्टँडजवळ किंवा ओळखीतून मिळणाऱ्या "वाताच्या पुड्या" अजिबात घेऊ नका. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड आणि वेदनाशामकं मिसळलेली सापडली आहेत. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला, तर आनंद मानण्याऐवजी संशय घ्या.

२. संधिवात कोणता, ते विचारून घ्या

सगळी सांधेदुखी एक नसते आणि गोळीचं कामही प्रत्येकीत वेगळं असतं.

वयानुसार गुडघा झिजतो तेव्हा गोळी रोज लागत नाही. रामटेकच्या गडमंदिराच्या पायऱ्या चढून आल्यावर किंवा लग्नघरी दिवसभर उभं राहिल्यावर दुखणं उसळतं, तेवढ्या दिवसांपुरती ती घ्यावी. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणं हाच इथे खरा इलाज. गोळीने आराम पडला की त्या आरामात व्यायाम करून घ्यायचा, एवढा तिचा उपयोग.

आमवातात, म्हणजे बोटांचे छोटे सांधे दोन्ही हातांना सारखे सुजतात आणि सकाळचा आखडलेपणा तासाहून जास्त टिकतो त्या आजारात, वेदनाशामक सांध्याची नासाडी थांबवत नाही. ते काम मेथोट्रेक्सेटसारखी औषधं करतात. गोळीने बरं वाटतंय म्हणून सहा महिने तशीच ढकलणारा माणूस तेवढ्या काळात सांधा गमावू शकतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि तिच्यासोबत वेदनाशामक चालू असेल तर ते डॉक्टरांना माहीत असायलाच हवं.

चिकनगुनियाचं वेगळं सांगावं लागेल. २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात त्याची मोठी साथ आली आणि ताप गेल्यावरही अनेकांचे घोटे-मनगटं दुखत राहिली. ताप असताना, डेंग्यू नाही हे तपासणीत कळेपर्यंत, फक्त पॅरासिटामॉल घ्या. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि या कुळातल्या गोळ्या रक्तस्रावाचा धोका वाढवतात. ताप उतरल्यावर सांधे सुजलेलेच राहिले, तर डॉक्टर ठरवून देतील तेवढे दिवस गोळी घ्यावी.

३. पोट, किडनी, हृदय: आपलं काय नाजूक आहे?

या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनू देत नाहीत. ॲस्पिरिनही असंच काम करते; तिचं हे गुपित शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये उलगडलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अडचण अशी, की जी द्रव्यं सांध्यात सूज आणतात, त्याच कुळातली द्रव्यं जठराच्या अस्तराचं रक्षण करतात आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून इंजेक्शन घेतलं तरी पोटाचा धोका टळत नाही. औषध रक्तातूनच जठरापर्यंत पोचतं.

पोटाचा धोका कुणाला जास्त? वय साठी-पासष्टीच्या पुढे, आधी अल्सर झालेला, रक्त पातळ करणारी गोळी (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन) किंवा स्टिरॉइड चालू असलेला. अशांना गोळी द्यावीच लागली, तर डॉक्टर सोबत पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलसारखी गोळी देतात. ती नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची. "ॲसिडिटी होत नाही न मला" म्हणून ती सोडू नका, कारण रक्तस्राव कधी कधी आधी काहीही न दुखता होतो.

हृदयविकार झालेला, स्टेंट टाकलेला किंवा हृदयाची पंपिंग कमजोर असलेला माणूस असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातली एकही गोळी नको. डायक्लोफेनॅक आणि एटोरिकॉक्सिब तर टाळाच. याच कुळातलं रोफेकॉक्सिब हार्ट ॲटॅकचा धोका वाढवतं हे दिसल्यावर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. बीपी सतत १४०/९० च्या वर असताना एटोरिकॉक्सिब घेऊ नये. हृदयासाठी रोज छोटी ॲस्पिरिन चालू असेल, तर आयबुप्रोफेन तिच्या आड येऊ शकतं, म्हणून वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

दमेकऱ्यांपैकी काहींना या गोळ्यांनी धाप लागते. गरोदर बाईने, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, स्वतःहून घेऊच नये.

४. नागपूरचा उन्हाळा आणि किडनी

हा भाग मी मुद्दाम वेगळा काढलाय, कारण आपल्याकडे तोच सगळ्यात दुर्लक्षित आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नवतपात तर घराबाहेर निघवत नाही. घाम जातो, पाणी कमी पडतं, आणि किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. एरवी अशा वेळी प्रोस्टाग्लँडिन किडनीच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवतात. गोळीने नेमका तोच आधार निघून जातो.

यात बीपीच्या गोळ्यांची भर पडते. टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल, सोबत लघवी वाढवणारी गोळी आणि वर वेदनाशामक, हे त्रिकूट किडनी अचानक बंद पाडू शकतं. तुमच्या बीपीच्या गोळीच्या नावापुढे "एच" असेल तर बहुधा तिच्यात लघवी वाढवणारं औषध आधीच आहे. म्हणजे त्रिकुटातली दोन तुम्ही रोज घेताच, तिसरं काउंटरवरून आणता. शिवाय वेदनाशामकाने बीपी वाढतं ते वेगळंच. (याच डायक्लोफेनॅकने गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या, म्हणून २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाचं शरीर ते वेगळ्या रीतीने हाताळतं, तरी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.)

म्हणून उन्हाळ्यात हे पाळा: ऊन लागलं, उलट्या-जुलाब झाले, ताप आला किंवा पोटात अन्नपाणी टिकत नसेल, त्या दिवशी वेदनाशामक बंद. बीपीच्या गोळीचं काय करायचं ते त्याच दिवशी फोन करून डॉक्टरांना विचारा, ती मनाने बंद करू नका. दिवसभराच्या लग्नाला किंवा शेतावर जाताना "तिथे दुखेल" म्हणून आधीच गोळी टाकून निघण्याची सवय सोडा. आधीच किडनीचा आजार असेल, तर उन्हाळा असो की हिवाळा, या गोळ्या टाळायच्याच.

५. सुरुवात मलमाने करा

गुडघा किंवा हाताची बोटं झिजेमुळे दुखत असतील, तर आधी डायक्लोफेनॅकचं जेल लावून पाहा. रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानाने जेमतेम ६ टक्क्यांच्या आसपास असतं. लोक मटराएवढं जेल लावतात आणि "काही फरक नाही" म्हणतात. गुडघ्याला एका वेळी साधारण ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चारदा लागतं, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब दोन-अडीच दिवसांत संपते. खर्च होतो, पण पोट वाचतं. जखमेवर लावू नका, वरून गरम शेक देऊ नका, नंतर हात धुवा, आणि सोबत याच कुळातली गोळी घेऊ नका. कंबर किंवा खुबा खोल असतात, तिथे जेलचा फारसा उपयोग नाही.

६. गोळी घ्यायची ती अशी

जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत, आणि घेतल्यावर लगेच आडवं न होता. सकाळी नुसत्या चहावर घेऊ नका. जेवणाने मळमळ कमी होते, अल्सरचा धोका मात्र जात नाही, हेही लक्षात असू द्या.

सगळ्यात लहान डोसने सुरू करा. आयबुप्रोफेन स्वतःहून घेतलं, तर दिवसाला १,२०० मि.ग्रॅ.च्या वर नाही. ॲसिक्लोफेनॅक डॉक्टरांनी दिलं, तर १०० मि.ग्रॅ. दोनदा, तिसरी गोळी नाही. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. त्या दिवसांत दारू नको.

कॅलेंडरवर रोज खूण करा: गोळी घेतली का, दुखणं दहापैकी किती. दुखणं लगेच कमी होतं, पण सूज पूर्ण उतरायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. तरीही फरक नसेल, तर डोस वाढवू नका. डॉक्टरांना वेगळी गोळी मागा. एकाला जी लागू पडत नाही ती दुसऱ्याला पडते. आणि झिजेच्या दुखण्यात सलग दहा दिवस खुणा दिसल्या, तर तेच डॉक्टरांकडे जायचं कारण समजा.

७. कधी थांबायचं, कधी धावायचं

डांबरासारखी काळी, चिकट शौच (लोहाच्या गोळ्यांनीही ती काळी होते, पण चिकट होत नाही), रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, छातीत दुखणं, अचानक धाप, अंगाच्या एका बाजूची शक्ती जाणं, यांपैकी काहीही झालं तर १०८ ला फोन करा, किंवा मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथे लगेच पोचा. लघवी खूप कमी होणं, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज, अंगावर पुरळ यांसाठी गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

किडनी बिघडताना दुखत नाही, म्हणून तपासणीशिवाय ते कळत नाही. गोळी नियमित लागत असेल तर सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि बीपी बघून घ्या. वय जास्त किंवा बीपी-मधुमेह असेल तर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा, मग डॉक्टर सांगतील तसं. वर्षातली एक तपासणी मार्चमध्ये, ऊन तापण्याआधी करून घेतलेली बरी.